हसवून घेतलेलं माप

मास्तरांचा पुढचा दात वहिनींनी कापड मोजायच्या लाकडी गजाने पाडला, ही बातमी आमच्या कोर्टाच्या आवारात सांगायची एक पद्धत होती. सांगणारा आधी मागे वळून बघायचा, मग तोंडावर हात धरायचा, आणि मग एवढ्या मोठ्याने कुजबुजायचा की पलीकडच्या बाकावर पेंगणारा अशीलही जागा व्हायचा. कोणी म्हणे, भाजीत मीठ जास्त पडलंय असं मास्तर बोलले, म्हणून. कोणी म्हणे, छे हो, मीठ कमी आहे म्हणाले, म्हणून. मिठाबद्दल मतभेद होते. गजाबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

मी तेव्हा कोर्टात टंकलेखक होतो. दिवसभर परक्यांची भांडणं बडवून बोटं दुखायला लागली की मास्तरांच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसायचो. काही शिवायचं नसायचं. ऐकायला जायचो, उगाच खोटं कशाला बोलू?

दुकान कोर्टाच्या मागच्याच गल्लीत होतं. पुढे कापड कापायची लांब फळी, भिंतीला माणसाएवढा आरसा, आरशासमोर गिऱ्हाइकाने उभं राहायचा लाकडी ठोकळा. त्याच्यामागे उरलेल्या अस्तरांचे तुकडे जोडून शिवलेला पडदा, आणि पडद्यामागे खिडकीपाशी वहिनी. मास्तर काळ्या कोटांशिवाय काही शिवत नसत. कुणी पँट घेऊन आलाच तर त्याच्याकडे असे बघत, की तो बिचारा पँट न शिवता परत जाई. आणि कोटाची काजं, म्हणजे बटणं अडकवायची ती भोकं, वहिनी हाताने करीत. मशीनचं काज वर्षभरात विसकटतं. वहिनींचं काज असलेला कोट फाटला, भोकं तशीच राहिली, असं वकील कौतुकाने सांगत. कौतुक काजाचं असायचं. वहिनींचं नाही.

आता मास्तरांची माप घ्यायची रीत सांगतो, कारण सगळं पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं. माणूस आरशासमोर उभा राहिला की पोट आत घेतो. तुम्हीही घेता, मान हलवू नका. वकील तर जरा जास्तच घेतो. त्या पोटावर टेप लावून कोट शिवला, की घरी जाऊन जेवला न जेवला तोच कोट तंग. मग भांडण, उसवणं, पुन्हा शिवणं. मास्तरांनी यावर उपाय शोधला होता. ते गिऱ्हाइकाला हसवत. हसला की माणसाचं पोट सुटतं, आणि सुटलं की मास्तर सपकन टेप ओढून आकडा घेत. "हसताना पोट खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या कोटाची ख्याती होती ती या हशावर.

पण रोज हसवायचं कशावरून? सुरुवातीला त्यांनी न्यायाधीशांवर विनोद केले. ते अंगाशी येण्याची चिन्हं दिसली. मग एका वकिलाचा विनोद दुसऱ्याला सांगून बघितला. तो तिसऱ्या दिवशी पहिल्याकडे पोचला आणि एक गिऱ्हाईक तुटलं. मग उरली कोण? बायको. तिला कोट शिवायचा नव्हता, त्यामुळे गिऱ्हाईक तुटायची भीती नव्हती.

आणि काय एकेक गोष्टी रचल्या मास्तरांनी! बायकोने रागाच्या भरात चष्मा लपवला, आणि अंदाजाने शिवता शिवता एका कोटाला दोन्ही डाव्याच बाह्या लागल्या, ती एक. बायकोने धो धो पावसात दाराबाहेर ठेवलं, आणि किल्लीच्या भोकातून माफी मागायला लावली, ती दुसरी. गरम भाजीची कढई डोक्यावरून गेली आणि भिंतीवरच्या घड्याळात वाटाणे अडकले, ती तिसरी. छातीच्या मापाला चष्म्याची गोष्ट पुरायची. पोट जबरदस्त असलं की दाताची गोष्ट काढावी लागे. गज कसा उचलला, दात कसा उडाला, तो इस्त्रीखाली कसा सापडला, हे मास्तर तोंडात टाचण्या धरून सांगत. टाचण्या बरोब्बर त्या पडलेल्या दाताच्या फटीत धरलेल्या असत. गिऱ्हाईक ठोकळ्यावर हलायला लागायचं. बाकावर आम्हीही खदखदायचो.

पडदा कापडाचा होता. तो काही भिंत नव्हता.

वहिनींना तुम्ही पाहायला हवं होतं. बारीक चणीच्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज एवढा हळू की त्यांनी चहा विचारला तर आपल्याला "काय?" म्हणावं लागे, आणि दोनदा "काय?" म्हणायची लाज वाटून चहाच राहून जाई. ही बाई गज उचलेल, हे पाहिल्यावर कुणाच्या मनातही आलं नसतं. पण पाहतो कोण? त्या तर पडद्यामागे असत. लोकांना माहीत होती ती पडद्यापुढची, मास्तरांनी शिवलेली.

एकदा मास्तर कापड आणायला गेले होते. मी बाकावर होतो. एक नवा वकील कोट न्यायला आला, नुकताच सनद मिळालेला, गाल अजून गुळगुळीत. वहिनी बाहेर आल्या. कोट वरच्या खुंटीवर टांगलेला, आणि वहिनींचा हात तिथवर पोचेना. म्हणून त्यांनी कोपऱ्यातला गज घेतला, कोट अलगद काढायला. आणि तो पोरगा झटकन एक पाऊल मागे सरला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. सगळे पुढचे दात झाकून.

वहिनी गज हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं, आणि मग मी वर्तमानपत्र बघितलं. त्यांनी कोट काढला, घडी घातली, कागदात गुंडाळून त्याला दिला. "बटणं हळू लावा. काज नवं आहे," एवढंच म्हणाल्या. तो "हो काकू, हो काकू" करत पळाला.

दोन-तीन दिवसांनी मास्तर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. दुकान उघडं टाकून बसण्यातले ते नव्हते.

"ही थोरल्या बहिणीकडे गेली राहायला," म्हणाले.

"बरं नाही का ताईंना?"

"ताई ठणठणीत आहेत. ही म्हणते, आता वेगळं होऊ. कागदावर."

मी गप्प. आयुष्यात फार कमी वेळा झालोय.

"भांडली का?"

"भांडली असती तर बरं झालं असतं हो! भाजी निवडत सांगितलं. म्हणाली, 'मी कोर्टात खिडकीवर जाऊन विचारून आले. दोघांच्या सह्या असल्या की अर्ज घेतात. वकील लागत नाही. कारण म्हणून पटत नाही एवढंच लिहितात, ते मी लिहीन. तुमच्यावर काही येणार नाही.' आणि हातातलं अर्धं कामही सोडणार नाही म्हणाली. ठरलेल्या कोटांची काजं पुरी करायला दुपारी येईल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, कारण तरी काय?" मास्तरांनी मान खाली घातली. "तर म्हणाली, 'पडद्यामागे, माझ्या जागी बसून बघा एकदा.'"

यानंतर मास्तर वकील शोधायला लागले. तिने सही मागितली होती, यांना ती द्यायची नव्हती; पण नाही दिली तर ती एकटीने अर्ज करील ही भीती होती. कुणीतरी सांगितलं होतं की चांगला वकील धरला तर अर्ज अडवता येतो, बायको कंटाळून घरी येते. आता गंमत बघा. अख्ख्या आवारात वकील शंभर, आणि एकूणएकाच्या अंगावर मास्तरांचाच कोट. कुणाचं पोट किती, कुणाचा एक खांदा पडका, कुणाला कोटात चोरखिसा लागतो, हे सगळं या माणसाला ठाऊक. पण आपली एक गोष्ट कुणाला सांगायची म्हटलं तर जीभ उचलेना. शेवटी त्यांनी जगातली सर्वांत जुनी युक्ती काढली.

"वकीलसाहेब, हात जरा वर. आमचे एक ओळखीचे आहेत... त्यांच्या बायकोला वेगळं व्हायचंय. त्यांनी वकील करावा का?"

"करावा की! कोण ओळखीचे?"

"लांबचे आहेत."

"किती लांबचे?" वकील आरशातून बघून विचारी. "पुढचा दात आहे का त्यांना?"

असं एकाकडे झालं, दुसऱ्याकडे झालं. आठवड्यात सगळ्या आवाराला कळलं की मास्तरांचे लांबचे ओळखीचे फार अडचणीत आहेत. लोक मुद्दाम विचारत, "काय मास्तर, ते ओळखीचे कसे आहेत?" मास्तर कानापर्यंत लाल होत आणि म्हणत, "बरे आहेत." मग त्यांनी लोकांच्या डोळ्यांत बघायचंच सोडलं. माप घेताना टेपच्या आकड्याकडे बघत, कोट देताना बटणांकडे.

आणि मग तारीखदादांच्या नव्या कोटाची ट्रायल आली. तारीखदादा म्हणजे आमच्याकडचे नामांकित वकील. यांनी उभ्या आयुष्यात खटले किती जिंकले ते देवाला ठाऊक, पण पुढची तारीख मागण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. समोरचा पक्ष म्हातारा व्हायचा. घटस्फोट अडवायला यांच्यासारखा माणूस नाही, हे मास्तरांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पण घाबरट माणसाची अक्कल अशी, की बोलावलं दुपारी. दुपारी पडद्यामागे वहिनी काजं करायला यायच्या. मास्तर म्हणत होते, विसरलो. मला वाटतं, एकट्याला तोंड द्यायचा धीर नव्हता. चाळीस वर्षांची सवय. ती मागे असली की यांना पुढे बोलता यायचं.

तारीखदादा ठोकळ्यावर चढले. कोट अजून कच्च्या टाचेवर होता, पांढरे लांब टाके दिसत होते, एकच बाही चढवलेली. मास्तर तोंडात टाचण्या धरून खांदा बघत होते. बाकावर मी.

"हं, तर ते ओळखीचे," तारीखदादा एकदम म्हणाले. "पुरे झालं ना आता? काय लाजायचं एवढं? केस तर शिवून तयार आहे तुमची! नुसती बटणं लावायची."

मास्तर टाचण्यांतून "अं?" म्हणाले.

"अहो, ती वेगळं व्हायचं म्हणते ना? आपण म्हणू, उलट हीच छळ करते. मोठ्ठं उत्तर द्यायचं." आणि बिनबाहीचा हात उंचावून तारीखदादा न्यायाधीशासमोर उभं राहिल्यासारखे सांगायला लागले. "एक! सदर बाईने माझ्या अशिलाचा चष्मा लपवून त्याच्या उपजीविकेत व्यत्यय आणला. दोन! सदर बाईने भर पावसात त्यास घराबाहेर ठेवून किल्लीच्या भोकातून क्षमा मागण्यास भाग पाडले. तीन! उकळत्या भाजीची कढई. ते वाटाणे काढले का हो घड्याळातून? काढू नका, पुरावा आहे. आणि चार, सगळ्यात जबरदस्त... दात! लाकडी गज! हा गज जप्त करायला लावू. साक्षीदार म्हणाल तर अख्खा बार उभा करतो, कोण नाही ऐकलेलं? आम्ही सगळे शपथेवर सांगू!"

हे ते चेष्टेने म्हणत नव्हते, तिथेच तर ग्यानबाची मेख होती. त्यांनी या गोष्टी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्या त्यांना अनुभवासारख्या वाटत होत्या.

पडद्यामागे हाताने काज करताना बारीक आवाज येतो, जाड दोरा कापडातून ओढल्याचा. सर्र... सर्र... तो मला इतका वेळ ऐकू येत होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

मास्तरांना बोलायला वाव होता. नुसतं "खोटं आहे ते" एवढं म्हणायचं होतं. पण तोंडात टाचण्या. त्यांनी एक काढली, टाचण्यांच्या उशीला टोचली. दुसरी काढली, टोचली. मी बघत होतो. टाचण्या संपल्या. तोंड मोकळं झालं. आणि मास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो."

खरं सांगू? मीही मान खाली घातली. त्या दुकानात त्या वेळी वर बघण्यासारखं कुणाचंच तोंड नव्हतं, तारीखदादा सोडून, आणि ते आरशात स्वतःला बघत होते.

पडदा सरकला. वहिनी बाहेर आल्या. तारीखदादांचं बोट हवेतच राहिलं. त्यांचा जुना कोट दुरुस्तीला आला होता, तो वहिनींनी फळीवर ठेवला. मग त्यांच्याकडे वर बघितलं, कारण ते ठोकळ्यावर, आणि या मुळात बुटक्या.

"पोट सोडा, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, नेहमीसारख्या हळू आवाजात. पण या वेळी कुणालाही "काय?" म्हणावं लागलं नाही. "नाहीतर माप चुकेल यांचं."

आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या घरी आले. "ताईंकडे यायचंय माझ्याबरोबर," म्हणाले. "एकट्याला जिना चढवणार नाही." मी म्हणालो, तुमचं नवरा-बायकोचं, मी कशाला? हे म्हणताना मी एक चप्पल घातली होती.

ताईंनी दार उघडलं. त्या वहिनींच्या उलट, आडव्या बांध्याच्या आणि खणखणीत. "या मास्तर," म्हणाल्या. "दात शाबूत ठेवून परत जायची हमी देते." मास्तरांनी मान वर केली नाही. ताईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवून पाण्याचं भांडं दिलं, आणि मास्तर आत स्वयंपाकघरात गेले. दार नव्हतं मध्ये. मी भांडं रिकामं झाल्यावरही बराच वेळ पाणी पीत होतो.

"वकील केलात?" वहिनींचा आवाज.

"नाही."

"करा. तुम्हाला हक्क आहे. मी त्याला नाही म्हणत नाही."

"तो ते सगळं लिहील गं."

"तुम्हीच सांगितलंय त्यांना. माझ्या पाठीमागे असतं तर एक वेळ... माझ्या पुढ्यात सांगितलंत. सुईत दोरा ओवून द्यायला मला हाक मारायचात, आणि ओवून होईपर्यंत माझीच गोष्ट सांगायचात."

"अगं, माप घ्यायला लागतं म्हणून..."

"माहीत आहे मला. कुणाचं पोट कुठल्या गोष्टीला सुटतं तेही माहीत आहे." पातेलं ठेवल्याचा आवाज. "मला वाटायचं, विनोद आहे, विनोदच समजतात लोक. मग तो पोरगा तोंडावर हात धरून मागे सरला. अहो, मला घाबरला तो. मला! मी भाजीवाल्याशी भाव करत नाही."



"आणि काल," वहिनी म्हणाल्या, "काल मला वाटलं होतं, टाचण्या काढतायत म्हणजे बोलणार आहेत."

हे ऐकल्यावर मास्तरांचा जो आवाज आला त्याला मी रडणं म्हणणार नाही, म्हातारा माणूस आहे, अब्रू आहे. ताई बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या रिकाम्या भांड्याकडे बघायला लागल्या.

"मी सगळ्यांना सांगतो," मास्तर शेवटी म्हणाले. "एकेकाला उभं करून सांगतो की खोटं होतं. मग येशील?"

"नाही."

"मग... मग सांगून काय उपयोग?"

"बघा," वहिनी म्हणाल्या. "मी येणार असले तर खरं सांगणार, नाहीतर नाही. हा पण सौदाच झाला की तुमचा."

जिना उतरताना मास्तर भिंतीला धरून उतरले. खाली आल्यावर मला म्हणाले, "लाज वाटायची म्हणजे पूर्वी मला वाटायचं, लोकांसमोर वाटते. तिथे तर कुणी नव्हतं हो." मी होतो, पण मी बोललो नाही.

पण माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्याला एकदा तळ लागला की कधीकधी तो पाय रोवून उभा राहतो. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी सांगायला लागले. पहिलं गिऱ्हाईक ठोकळ्यावर उभं राहिलं, त्याला म्हणाले, "साहेब, आमच्या घरातल्या ज्या गोष्टी तुम्हाला सांगायचो, त्या सगळ्या मी रचलेल्या. तिने चष्मा लपवला नाही, तो माझ्या डोक्यावरच होता. दोन डाव्या बाह्या मी चुकून कापल्या होत्या. आणि दाताचं असं झालं..." असं म्हणून त्यांनी दाताची खरी हकिगत सांगितली. ती मी शेवटी सांगणार आहे, आणि आधीच बजावून ठेवतो, तिच्यात ऐकण्यासारखं काही नाही. म्हणून तर पुढचं झालं.

वकील हसून हसून ठोकळ्यावरून खाली उतरला. "वा मास्तर! ही नवीन आहे! वहिनींनी सांगायला लावलं ना असं? गज घेऊन मागे उभ्या आहेत का?" आणि पडद्याकडे बघून ओरडला, "वहिनी, सोडा आता त्यांना!" पडद्यामागे रिकामी खुर्ची होती.

दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने तर तारीखदादांना जाऊन सांगितलं की बिचाऱ्यावर दबाव आहे, हासुद्धा मुद्दा घ्या. मास्तर जितकं खरं सांगत तितकं लोकांना वाटे, बाई भलतीच जहाल दिसते. वर्षानुवर्षं दुहेरी टाक्याने शिवलेलं होतं ते, उसवतंय कुठे एका दिवसात?

शेवटी तारीखदादा आले, दुसऱ्या ट्रायलला. "काय ठरलं? वकीलपत्र आणलंय मी. सही करा, पुढची तारीख मी बघतो."

"नको," मास्तर म्हणाले.

"नको म्हणजे? अहो, वकिलाशिवाय गेलात तर ती बाई..."

"ती माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडते," मास्तर म्हणाले. "कारण म्हणून पटत नाही एवढंच लिहितेय. तुम्ही खरं समजून जे लिहाल ते माझं खोटं आहे, आणि ते आता इथे हसण्यावारी गेलं तसं तिथे जाणार नाही. तिच्या नावावर सरकारी शिक्का मारून बसेल. तेवढं माझ्या हातून नको. हात वर करा."

तारीखदादांनी हात वर केले. पोट आत घेतलं. वाट बघत राहिले, गोष्ट सुरू व्हायची. मास्तरांनी टेप लावला, दिसला तो आकडा घेतला, आणि म्हणाले, "झालं."

अर्ज द्यायच्या दिवशी मी खिडकीच्या आसपास होतो. आसपास म्हणजे खिडकीतच, मी कोर्टाचाच माणूस. दोघं रांगेत उभी होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बोळातून काळे कोट जात-येत होते, सगळे यांनी शिवलेले, सगळ्यांना तिने केलेली काजं. जाणारा प्रत्येक जण आधी मास्तरांकडे कीव करून बघायचा आणि मग वहिनींपासून जरा लांबून जायचा. मास्तर ते बघत होते. मी त्यांना टेपवरून, बटणांवरून मान वर करून प्रथमच लोकांकडे बघताना पाहिलं, आणि वाटलं, खालीच बघत होते ते बरं होतं.

कारकुनाने कागद घेतला. "कारण? पटत नाही. बरं." शिक्का उचलला.

"ते कारण नाही," मास्तर म्हणाले.

कारकून वैतागला. "मग काय आहे?"

मास्तर मोठ्याने म्हणाले. मोठ्याने म्हणजे अख्खा बोळ थांबला. "मी हिच्याबद्दल खोटंनाटं सांगत आलो. लोकांना हसवायला. हिने मला कधी काही केलं नाही. हे लिहा."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. तारीखदादा असावेत. मग दुसरं कुणी हसलं नाही, आणि तेही थांबले.

"काका," कारकून म्हणाला, जरा नरम होऊन, "असं लिहायला इथे जागा नाही. पटत नाही, एवढंच राहू दे?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "राहू द्या," म्हणाल्या. "इथून निघू या. सगळे बघतायत." आणि दोघांनी सह्या केल्या. बाहेरच्या पायऱ्यांवर त्यांनी मास्तरांना सांगितलं की मंगळवारपासून त्या ताईंच्या घरी काजं घेणार आहेत, कुणाचेही कोट चालतील, त्यांचेही. "पाठवून द्या. स्वतः आणायची गरज नाही." हे माझ्या समोर झालं. यात गोड काही शोधू नका, मी शोधून बघितलं.

मास्तर अजून कोट शिवतात. पडदा काढून टाकलाय, खिडकीचा उजेड आता सरळ आरशापर्यंत येतो. माप घेताना ते बोलत नाहीत. त्यामुळे हल्ली आमच्या कोर्टात सगळ्यांचे कोट पोटावर तंग असतात. बटणं उघडी टाकून वकील उलटतपासणी करतात, आणि नवे लोक समजतात की ही इथली पद्धत असेल. कुणी तक्रार केली तर मास्तर मुकाट्याने कोट घेतात, उसवतात, सैल करून देतात.

आणि गजाची गोष्ट अजून चालते. गेल्याच आठवड्यात एका पोरसवदा वकिलाने ती मलाच सांगितली, मागे वळून बघून, तोंडावर हात धरून. म्हणून एकदा लिहून टाकतो.

मास्तर वरच्या फळीवरचं अस्तर काढायला स्टुलावर चढले होते. स्टूल डुगडुगलं. त्यांचं तोंड कापायच्या फळीच्या कडेवर आपटलं आणि दात मोडला. वहिनी तेव्हा घरी होत्या. त्यांना निरोप गेला, त्या आल्या, मास्तरांना दवाखान्यात घेऊन गेल्या आणि काम होईपर्यंत बाहेर बसून राहिल्या. गज कोपऱ्यात होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.